कोट घ्या

३ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच वहिनीकडे सरकवशील, आणि वहिनी ते उघडून तुझ्या ताटाशेजारी ठेवील, एवढा अंदाज बांधूनच लिहिते आहे. फोन करणार होते. पण फोनवर तू ‘हं’ म्हणतोस, मग मी ‘हं’ म्हणते, आणि दोघंही एकदम ठेवतो. आई गेली तेव्हा भेटलो, तर तासभर शेजारी बसून आपण काय बोललो? मोरीतल्या गळक्या नळाबद्दल. त्या नळाला तरी बरं वाटलं असेल.

तर कारण असं. गेल्या आठवड्यात रेडिओवरच्या एक बाई मुलाखत घ्यायला आल्या होत्या. पुरस्कार मिळाल्यापासून अशी माणसं येतात. चांगल्या होत्या, तयारी करून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘तुमच्या संगीताची मुळं कुठे आहेत?’ मी म्हटलं, ‘कोटांमध्ये.’ त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

मग त्यांना सगळं सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं की हे मी तुला कधीच सांगितलेलं नाही. तू स्टेजवर होतास. हॉलच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय, ते तुला तिथून काय दिसणार!

नाचाचा हॉल केवढा लांब होता आठवतं? एका टोकाला स्टेज, त्यावर बाबा क्लॅरिनेट घेऊन पुढे, पियानोकाका डावीकडे आणि तू सगळ्यांच्या मागे ड्रमवर. दुसऱ्या टोकाला आईची खोली. लोक आले की कोट काढून आईकडे द्यायचे, आई नंबराचा पितळी बिल्ला हातात ठेवायची. त्या कोटांच्या रांगेत मी सॅक्सोफोन घेऊन बसायचे. तो सॅक्सोफोनही एक माणूस कोटाबरोबर ठेवून गेला आणि परत आलाच नाही. आईने वर्षभर वाट पाहिली, मग कोट एका म्हाताऱ्याला दिला आणि सॅक्सोफोन मला. कोटांत बसून कितीही फुंकलं तरी बाहेर आवाज जायचा नाही. लोकरीने सगळा पिऊन टाकलेला असायचा.

कोट द्यायच्या-घ्यायच्या खिडकीतून मला तू दिसायचास. तुझी काठी ड्रमवर पडलेली दिसायची आणि आवाज जरा मागून यायचा. लांबवर कोणी लाकडं फोडत असलं की कुऱ्हाड आधी खाली येते आणि ठक् मग ऐकू येतं, तसं. मला वाटायचं, संगीत असंच असतं. काठी पडली की क्षणभर थांबायचं, मग सूर लावायचा. कोणी सांगितलं नाही की हे फक्त कोटांच्या खोलीत खरं आहे.

म्हणून मी स्टेजवर आले तेव्हा तुझ्या काठीकडे बघून थांबायचे. तू मला ‘मागची’ म्हणायला लागलास. ‘ए मागची, उठ, पुढे ये!’ सगळा बँड हसायचा. आणि शेवटी त्या रविवारी, दुपारच्या नाचात, शेवटची चाल संपल्या संपल्या सगळ्यांदेखत तू म्हणालास, ‘हिला लय कळत नाही. हिला परत कोटांत नेऊन बसवा.’

मी कोटांत बसले नाही. बोटीवरच्या बँडमध्ये जागा होती, तिथे गेले. तिथल्या म्हाताऱ्या बँडमास्तरांनी पहिल्या दिवशी माझं ऐकलं. ते म्हणाले, ‘बाई, ही मागे रेलायची सवय कुठून आणलीस? सोडू नकोस. आम्हाला जन्मभर जमलं नाही ते.’ तिथून पुढे क्लब, मग माझं स्वतःचं चौघांचं पथक, मग रेकॉर्डी. जॅझवर लिहिणारे लोक माझ्या मागे राहण्यावर पानंच्या पानं लिहितात. एकाने लिहिलं, ‘ही बाई तालाला वाट पाहायला लावते.’ मी वाचून आईला फोन केला होता. आई म्हणाली, ‘घरी जेवायलासुद्धा तू अशीच येतेस.’

आणि तुला आठवत नसेल, पण एकदा त्याच रेडिओने तुलाही माझ्याबद्दल विचारलं होतं. तू एवढंच म्हणालास, ‘ती अजून मागेच आहे.’ तेव्हा माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! पण नंतर ते वाक्य मी पुढच्या रेकॉर्डच्या पाठीवर छापायला लावलं. माझ्याबद्दल इतकं खरं दुसरं कोणी बोललं नाही.

तेव्हा दादा, आभार. तू हाकललं नसतंस तर मी त्या हॉलमध्येच राहिले असते आणि कधीतरी सुधारलेही असते, म्हणजे सगळं मुसळ केरात.

माझी तब्येत ठणठणीत. जिना चढताना मधल्या खिडकीशी जरा थांबते, पण तिथून खालचा रस्ता छान दिसतो. तुझ्याकडून काही नको आहे. पत्र पोचलं एवढं कळव.

मागची


११ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचा फोन आला. ‘पोचलं,’ म्हणाली. ‘त्यांनी वाचलं का?’ विचारलं तर म्हणाली, ‘दोनदा. चष्मा न लावता.’ म्हणजे घडी घालून हातात धरून बसला होतास. मला काय माहीत नाही का!

तिने हेही सांगितलं की तू अजून गाडी शिकवतोस, आणि शिकणाऱ्यांना दिवसभर ‘हळू, हळू, घाई नको’ म्हणतोस. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिले. तू! बाबा म्हणायचे, ‘याला मुंजीला बोलावलं तर हा बारशालाच पोचेल.’ प्रत्येक ठोका केसभर आधी. सगळा बँड कानाला धरून पुढे ओढायचास.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मागच्या पत्रात ‘काही नको’ लिहिलं ते खोटं होतं.

मी बाबांची चाल रेकॉर्ड करते आहे. ‘कोट घ्या’. परवा ही चाल घ्यायची म्हटल्यावर स्टुडिओतल्या लोकांनी नाव विचारलं, मी सांगितलं, त्यांना वाटलं मी त्यांना घरी पाठवते आहे. मग समजावलं की हॉलमधली ही शेवटची चाल, ही सुरू झाली की लोक ओळखायचे की संपलं, आणि कोटांकडे वळायचे. खरं नाव बाबांनी काय ठेवलं होतं कोण जाणे. गंमत बघ, लहानपणभर बाकी सगळं मी कोटांत बसून तुमच्याबरोबर वाजवलं, पण ही एक चाल नाही. कारण ती सुरू झाली की कोट द्यायला आईला माझी मदत लागायची. बाह्यांमधून, टोप्यांमधून, ‘अहो हा माझा नव्हे’च्या गलक्यातून ती तुकड्यातुकड्याने कानावर पडायची.

आमचा ड्रमवाला तरुण आहे. गुणी आहे, नम्र आहे, मी त्याला चिरंजीव म्हणते. पण तिथेच घोडं पेंड खातं. मी मागे रेलले की तोही माझा मान राखून मागे रेलतो. मग मी आणखी मागे, तो आणखी मागे, आणि चालीच्या मध्यावर आम्ही दोघं मिळून खाली बसतो. त्याच्या आधी आणखी दोघांना आणून पाहिलं. सगळे माझ्यासाठी थांबतात. पुरस्कारवाली बाई ना मी!

रेकॉर्ड काढणारे साहेब सभ्य आहेत, पण काल म्हणाले, ‘ताई, ही चाल सोडून देऊ या का? बाकीच्या सुंदर झाल्यात.’ महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे.

माझ्यासाठी कधीही न थांबलेला एकच माणूस मला माहीत आहे.

उत्तराची घाई नाही. म्हणजे आहे.

मागची


१७ फेब्रुवारी

दादा,

काल पियानोकाकांकडे गेले होते. लेकीकडे राहतात, तळमजल्यावर. नजर पार अधू झाली आहे, बोटं मात्र टेबलावर चालूच. माझा आवाज ऐकून म्हणाले, ‘कोण, कोटातली पोरगी का?’

मी त्यांना माझं रडगाणं सांगितलं. चाल का बसत नाही, चिरंजीव कसा थांबतो, वगैरे. आणि शेवटी बोलता बोलता तुझा विषय काढलाच. म्हटलं, ‘काका, दादा एवढा पुढे का पळायचा हो? शिकवलेला तर बाबांनीच.’

काकांनी टेबलावरची बोटं थांबवली. मग म्हणाले, ‘तुला खरंच माहीत नाही? अगं, आधी तो घड्याळासारखा वाजवायचा. तुझ्या बाबांची छाती बिघडली तेव्हापासून पळायला लागला.’

दादा, बाबा पिठाच्या गिरणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकले हे मला माहीत होतं. गिरणीतल्या पिठाने छाती धरली होती हेही माहीत होतं. पण घरी ते खोकले की आई म्हणायची, ‘काही नाही, पीठ झटकतायत.’ आम्ही हसायचो. त्यांना लांब ओळ एका श्वासात पुरी होत नाहीशी झाली होती, हे मला कोणी सांगितलं नाही. ‘कोट घ्या’ची शेवटची ओळ तर केवढी लांबलचक. काका म्हणाले, ‘ते ती मधे तोडायला तयार नव्हते. म्हणायचे, तोडली तर लोकांना कळेल. मग तुझा भाऊ मागे बसून हळूच रेटायचा. ओळ लवकर संपावी म्हणून. बाबांना न सांगता, कोणालाच न सांगता. मी पियानोवर होतो म्हणून मला कळलं. आणि संपली की मागून विचारायचा, पोचलात का? तुझे बाबा मान हलवायचे, पोचलो.’

तो प्रश्न मी ऐकलेला आहे. तेव्हा मला वाटायचं, ही तुमची बँडवाल्यांची काहीतरी थट्टा आहे.

मग काकांनी त्या रविवारचं सांगितलं. मी नवीनच स्टेजवर आलेली, बाबांबरोबर तीच ओळ वाजवत होते, आणि माझ्या पद्धतीने मागे रेलत होते. बाबांनी लेकीचा मान राखला. माझ्याबरोबर तेही मागे राहिले. तू मागून रेटत होतास आणि मी पुढून धरून ठेवत होते. ओळीच्या मध्यावर बाबांचा श्वास तुटला. मला आठवतं, क्लॅरिनेट किंचाळला होता. मला वाटलं, तोंडाशी असते ती वेताची पट्टी सैल झाली असेल.

म्हणून तू ओरडलास.

काकांकडून निघाले आणि रस्त्यात एका दुकानाच्या पायरीवर बसून मनसोक्त रडले. दुकानदाराने पाणी दिलं. मी तुझ्यावर चिडून इतकी वर्षं घालवली असं म्हणणार नाही, कारण चिडून मी पुष्कळ काम केलं. पण मला वाटायचं, तुला माझी लाज वाटली. तुला बाबांची काळजी होती. हे किती निराळं आहे, दादा! आणि सांगता येत नव्हतं, कारण सांगितलं असतं तर बाबांचं झाकलेलं उघडं पडलं असतं. बाबा गेल्यावर तू ड्रम का सोडलेस, हेही मला काल कळलं. रेटायचं कोणासाठी, असंच ना?

आता माझं. जिन्यातल्या खिडकीबद्दल जे लिहिलं, ती खिडकी काही विशेष नाही. खाली पार्किंग दिसतं. मी तिथे थांबते कारण पुढे चढवत नाही. डॉक्टर म्हणतात वय आहे, थोडं छातीचंही आहे, आमच्या घराण्याचं. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,’ मी म्हटलं, ‘आमच्या आडात तर हे भरपूर आहे.’ चाल चिरंजीवामुळे बसत नाही हे अर्धंच खरं. शेवटची ओळ मला एका श्वासात पुरी होत नाही. आणि मी ती मधे तोडणार नाही. लोकांना कळेल.

तू ये. स्टुडिओ महिन्याच्या शेवटापर्यंत आमचा आहे.

मागची


२२ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. ‘हात गेले. सेट विकला. चांगला माणूस बघ.’ इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, तेही घाईत, शेवटच्या शब्दाची शिरोरेघ कार्डाच्या बाहेर गेलेली. म्हणजे काही गेलेलं नाही.

सेट इथे आहे. चिरंजीव स्वतःचा लावून देतो म्हणतो, खुर्ची तुझ्या उंचीची ठेवीन म्हणतो. तुझं नाव काढलं तेव्हापासून तो बिचारा माझ्याकडे असा बघतो जशी मी डायनोसॉर आणणार आहे.

हाताचं म्हणशील तर मला चांगले हात नको आहेत. चांगले हात इथे पैशाला पासरी मिळतात, आणि सगळे आदबीने थांबतात. मला घाईचे हात हवे आहेत.

शुक्रवारी दुपारी. नाही आलास तर चाल रेकॉर्डवर नसेल, मी रागावणार नाही, आणि याही पत्रातल्या थापा तुला ओळखता येतात हे मला ठाऊक आहे. वहिनीला म्हणावं, तुला गाडीत बसवूनच घरी जा.

मागची


२ मार्च

दादा,

तू निघालास आणि मागाहून पाहते तर तुझा कोट खुंटीवर! जाण्याचीसुद्धा घाई. सबंध बालपण लोकांचे कोट सांभाळले आणि सख्ख्या भावाचा तेवढा निसटला. पार्सल करते आहे. हे पत्र आतल्या खिशात घालते. या खेपेस तरी वहिनीच्या आधी तुझ्या हाती लागेल.

समोर असताना बोलता आलं नाही ते इथे लिहिते.

तू दारात उभा राहिलास तेव्हा मी ओळखलं नाही. मग तू, ‘काय, अजून तयार नाही?’ म्हणालास तेव्हा ओळखलं. साहेबांनी हात जोडून, ‘या, या, कुठे बसणार?’ विचारलं, आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालास, ‘मी? मी हिच्या मागे.’ तेवढ्यात मला रडू यायला लागलं होतं, म्हणून मी तोंडात सॅक्सोफोन घातला. तुला वाटलं असेल सूर बघतेय.

पहिल्या खेपेला आपण अर्ध्यावर आपटलो. दुसऱ्या खेपेला चिरंजीव काचेपलीकडे डोकं धरून बसला. साहेब आत आले आणि मोठ्या संकोचाने म्हणाले, ‘हे बघा, एकजण पुढे आहे आणि एकजण मागे आहे. मी नेमकं कोणाला सुधारायला सांगू?’ आणि आपण दोघं एकदम म्हणालो, ‘कोणालाच नाही.’ किती वर्षांनी आपण एका ठोक्यावर होतो, दादा! तेवढंच एकदा.

मग तिसरी खेप. तू पुढे, मी मागे, आणि मधे जी जागा राहिली तिथे मला बाबा ऐकू आले. खरंच सांगते. क्लॅरिनेट नाही, नुसती त्यांची उभं राहण्याची जागा. चिरंजीव नंतर म्हणाला, ‘तुम्ही दोघं कोणातरी तिसऱ्याबरोबर वाजवत होतात.’ पोरगा हुशार आहे, त्याला मी आता थांबू नकोस म्हणून शिकवणार आहे.

शेवटची ओळ आली. मी श्वास भरला, आणि निम्म्यावर मला कळलं की नेहमीप्रमाणे पुरणार नाही. तेवढ्यात मागून तू रेटायला लागलास. कोणाला कळणार नाही इतकंच, केसभर. ड्रमवर फिरणारे तुझे ब्रश पाठीला लागल्यासारखे वाटले. मी आयुष्यात पहिल्यांदा रेलायचं सोडून स्वतःला तुझ्या लयीने जाऊ दिलं. ओळ लवकर आली. शेवटचा सूर लागला तेव्हा छातीत थोडा श्वास शिल्लकही होता. उरला होता, दादा! मला तो कुठे ठेवू कळेना.

आभार मानायचे तर कुठून सुरुवात करू? बाबांसाठी ठोका पुढे रेटलास त्याबद्दल. मला हाकललंस त्याबद्दल. बोलला नाहीस त्याबद्दलही, कारण तू बाबांचं झाकलंस. आणि दिवसभर दुसऱ्यांना ‘हळू, हळू’ म्हणणाऱ्या माणसाने माझ्यासाठी पुन्हा एकदा घाई केली त्याबद्दल.

आणि एक राहिलं. सूर संपला, रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला. तेव्हा मागून तुझा आवाज आला, अगदी हळू, ‘पोचलीस का?’

तोंडातून सॅक्सोफोन अजून काढला नव्हता. मी बाबांसारखी मान हलवली. पण तू मागे होतास, तुला माझं तोंड दिसत नव्हतं, आणि मग सगळे टाळ्या वाजवत आत आले. तुला उत्तर मिळालंच नाही. तू तसाच, कोट न घेता निघून गेलास.

म्हणून लिहून कळवते.

पोचले, दादा.

मागची